कोंबडा आरवल्यानंतर पेत्राचं काय झालं: ईस्टरने बदललेल्या एका माणसाची पूर्ण केस

ईस्टरच्या रविवारी, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला त्या दिवशी, संध्याकाळी त्याचे शिष्य कुठे होते माहितीये? दारं लावून आत बसलेले. योहानाच्या शुभवर्तमानात २० व्या अध्यायात सरळ लिहिलंय की भीतीने दारं बंद केली होती. सकाळीच कबर रिकामी सापडली होती, बायका येऊन सांगून गेल्या होत्या, त्यांच्यातले दोघं स्वतः धावत जाऊन बघून आले होते, तरी दारं बंदच. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, कारण ईस्टर आणि आयुष्य बदलणं याबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा असं बोलतो की शुक्रवारी क्रूसाचा अंधार, रविवारी उजेड आणि सोमवारपासून माणूस नवा कोरा. मग एखादा माणूस ईस्टरच्या उपासनेत खरंच आतून हलतो, रडतो, काहीतरी ठरवतो, आणि थोड्याच दिवसांत जुन्याच जागी परत सापडतो, आणि त्याला वाटायला लागतं की माझा विश्वासच खोटा असणार, माझ्यासाठी हे नाहीच. अशा माणसासाठी मी हे लिहितोय. केस पेत्राची घेतलीय, येशूच्या त्या शिष्याची ज्याने येशूला पकडलं त्या रात्री मी त्याला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं, कारण त्याची पडझडही चारही शुभवर्तमानांत नोंदलेली आहे आणि नंतरचा बदल किती हळू, किती टप्प्याटप्प्याने झाला हेही नव्या करारात नीट दिसतं.

माणूस कसा होता

पेत्राचं मूळ नाव शिमोन, योहानाचा मुलगा, मूळचा बेथसैदाचा, पुढे घर कफर्णहूमात. धंदा मासेमारीचा, बरोबर भाऊ अंद्रिया, आणि जब्दीची मुलं याकोब आणि योहान हे धंद्यातले भागीदार. लग्न झालेलं होतं, सासूला ताप आला होता आणि येशूने तिला बरं केलं ही गोष्ट मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. म्हणजे हा घर सोडून भटकणारा एकटा माणूस नव्हता, होडी, जाळी, संसार, भागीदारी सगळं असलेला माणूस. १९८६ साली गालील समुद्राचं पाणी खूप खाली गेलं तेव्हा चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची एक होडी सापडली, साधारण ८ मीटर लांब आणि सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद. एवढ्याशा जागेत रात्र रात्र एकत्र जाळं ओढणारी माणसं एकमेकांपासून काय लपवणार. पेत्र पुढे ज्यांच्यासमोर पडला ती माणसं त्याला अशी आतून-बाहेरून ओळखणारी होती.

स्वभाव म्हणाल तर पहिला बोलणारा हाच. येशू पाण्यावर चालत येतोय म्हटल्यावर होडीतून उतरणारा हा, आणि वारा बघून बुडायला लागणाराही हाच. फिलिप्पाच्या कैसरियाकडे येशूने विचारलं की तुम्ही मला कोण म्हणता, तर "तुम्ही ख्रिस्त आहात" हे उत्तर याचं, आणि लगेच पुढे, मला दुःख सोसून मरावं लागणार असं येशू सांगायला लागल्यावर त्याला बाजूला घेऊन दटावणारा हाच, आणि "सैताना, माझ्या मागे हो" हे शब्द ऐकून घेणाराही हाच. शेवटच्या भोजनाच्या वेळी आधी म्हणतो माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, आणि येशूने समजावल्यावर म्हणतो मग हात आणि डोकंसुद्धा धुवा.

यात खोटेपणा कुठेच नाहीये, हे मला पहिल्यांदा सांगायचंय. पेत्र ढोंगी नव्हता. त्याचं प्रेम खरं होतं, फक्त स्वतःबद्दलचा अंदाज चुकीचा होता, आणि माझ्या मते विश्वास ठेवणाऱ्या माणसांमध्ये ढोंगापेक्षा हाच आजार जास्त असतो.

ती रात्र

भोजनानंतर येशू म्हणाला की आज रात्री तुम्ही सगळे अडखळाल. पेत्र म्हणाला, बाकी सगळे अडखळले तरी मी नाही. "बाकी सगळे" हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. लूकच्या शुभवर्तमानात त्याच वेळी येशू त्याला शिमोन, शिमोन अशी दोनदा हाक मारतो आणि सांगतो की सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण तुझा विश्वास खचू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केलीय, आणि तू परत वळलास की तुझ्या भावांना आधार दे. किती मोठी गोष्ट आहे बघा ही, पडणं अजून झालंच नाहीये आणि परत येणं गृहीत धरून त्यानंतरचं कामसुद्धा सांगून झालंय. पण पेत्राला ते ऐकूच गेलं नाही, तो म्हणाला तुमच्याबरोबर तुरुंगात जायला आणि मरायलाही मी तयार आहे.

मग गेथशेमाने बाग. येशू प्रार्थना करतोय आणि शिष्य झोपलेत, येशू तीनदा येऊन बघतो तरी झोपलेलेच. पकडायला लोक आले तेव्हा मात्र पेत्राने तलवार काढून प्रमुख याजकाचा दास मल्ख याचा उजवा कान कापला. इथे मी थोडा थांबतो, कारण पेत्र भित्रा होता असं सरसकट म्हटलं जातं आणि मला ते पटत नाही. हत्यारं घेऊन आलेल्या जमावासमोर तलवार काढणारा माणूस भित्रा नसतो. तो खरंच मरायला तयार होता, पण लढून मरायला. येशूने तलवार म्यानात घालायला सांगितली आणि त्या क्षणी पेत्राची निष्ठा दाखवायची एकच माहीत असलेली पद्धत संपली. आता करायचं काय हेच त्याला कळेना. बाकीचे पळून गेले, हा मात्र लांबून का होईना मागोमाग गेला. म्हणजे त्या अंगणात नाकारायची वेळ त्याच्यावर आली ती तो तिथपर्यंत गेला म्हणून, जे आलेच नाहीत त्यांना कुणी काही विचारलंही नाही. हे पेत्राच्या बाजूने बोलायलाच हवं.

योहान सांगतो की प्रमुख याजकाच्या ओळखीचा एक शिष्य होता, त्याने दारावरच्या दासीला सांगून पेत्राला आत घेतलं. थंडी होती, नोकर आणि शिपाई कोळशाचा विस्तव पेटवून शेकत उभे होते आणि पेत्रही त्यांच्यात जाऊन शेकत उभा राहिला. पहिला प्रश्न त्या दासीने विचारला, तूही त्याच्या शिष्यांपैकी ना? नाही. मग आणखी कुणी तेच विचारलं, नाही. लूक म्हणतो साधारण तासाभराने तिसऱ्यांदा, आणि योहान म्हणतो की तिसरा विचारणारा मल्खाचाच नातेवाईक होता, मी तुला बागेत पाहिलं नाही का म्हणून. मत्तयात लोक म्हणतात तुझ्या बोलीवरूनच कळतंय की तू गालीलचा. तेव्हा पेत्र शापशपथा घेत म्हणाला की मी त्या माणसाला ओळखतच नाही.

तासाभराचं अंतर आहे मध्ये. एका दमात तोंडातून निसटलेला शब्द नाही हा. विचार करायला वेळ मिळाला होता, निघून जाता येत होतं, आणि तरी तिसऱ्यांदा नाही. कोंबडा आरवला आणि लूक एकटाच एक गोष्ट नोंदवतो, प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. पेत्र बाहेर गेला आणि खूप रडला.

दोन माणसं, एकच रात्र

याच केसमध्ये येशूला धरून देणारा शिष्य यहूदा, त्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मत्तय सांगतो की येशूला दोषी ठरवलं हे बघून यहूदाला पस्तावा झाला, चांदीची ती ३० नाणी त्याने परत नेली आणि म्हणाला मी पाप केलं, निर्दोष माणसाला धरून दिलं. म्हणजे बघा, चूक कबूल केली, पैसे परत केले, स्वतःहून गेला. आणि समोरून उत्तर काय आलं तर "त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ". तो जाऊन फास लावून मेला.

मी यहूदाचा न्याय करायला बसलो नाहीये, तो माझा अधिकार नाही, आणि निराशेने जीव दिलेल्या कुणाचाच न्याय करू नये असं मला मनापासून वाटतं. पण मला हे दिसतं की पस्तावा दोघांनाही झाला होता, रडणं पेत्राचं आणि बोलणं यहूदाचं, आणि पापाची कबुली तर शब्दांत यहूदानेच दिली. फरक कशात पडला तर यहूदा आपलं ओझं घेऊन ज्यांच्याकडे गेला त्यांनी त्याला एकटं सोडलं. आणि पेत्र? रविवारी सकाळी मग्दालीया मरीया धावत निघाली ती थेट पेत्राकडे आणि येशूच्या त्या लाडक्या शिष्याकडे. तो कुठे सापडेल हे तिला माहीत होतं. म्हणजे शुक्रवार आणि शनिवार या दोन काळ्या दिवसांत पेत्र कुठेतरी माणसांच्यात परत आला होता आणि त्यांनी त्याला आत घेतलं होतं. त्याला अंगणात घेऊन जाणारा तो ओळखीचा शिष्य म्हणजेच हा लाडका शिष्य असं बरेच अभ्यासक मानतात, तसं असेल तर पेत्राने नाकारलं हे ज्याने सगळ्यात जवळून पाहिलं असणार त्याच्याच बरोबर तो रविवारी होता. शनिवारबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ काही बोलत नाहीत, शब्बाथाचा दिवस, आज्ञेप्रमाणे विसावा. कुणी पेत्राला काय म्हणालं, काही म्हणालं का, काही माहिती नाही. पण कुणीतरी दार उघडलं एवढं नक्की.

म्हणून कुणी तुमच्याकडे येऊन मी असं असं केलंय म्हणून सांगत असेल, आणि विशेषतः जगण्यात अर्थ उरला नाही असं बोलत असेल, तर उपदेश नंतर, आधी त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टर-समुपदेशकापर्यंत स्वतः बरोबर जा. पुनरुत्थानाची बातमी रविवारी येते, पण ती ऐकायला माणूस शनिवार काढून जिवंत राहायला हवा.

"आणि पेत्रालाही"

मार्कच्या १६ व्या अध्यायात कबरेतला पांढऱ्या झग्यातला तरुण बायकांना म्हणतो, जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा की तो तुमच्यापुढे गालीलात जातोय. पेत्र शिष्यच होता ना, मग वेगळं नाव कशाला? माझं उत्तर असं की नाव घेतलं नसतं तर शिष्यांना सांगा हा निरोप पेत्राने स्वतःसाठी धरलाच नसता. ज्याने तीनदा म्हटलंय की मी त्याचा नाही, तो शिष्य या शब्दात स्वतःला कसा मोजेल. म्हणून नाव घेऊन बोलावणं.

मग तो धावला. योहान सांगतो दुसरा शिष्य जास्त वेगाने पळाला आणि आधी पोचला पण बाहेर थांबला, पेत्र मागून आला आणि सरळ आत शिरला. तागाच्या पट्ट्या पडलेल्या, डोक्याचं वस्त्र वेगळं गुंडाळून ठेवलेलं. दुसऱ्या शिष्याने पाहिलं आणि विश्वास ठेवला असं लिहिलंय. पेत्राबद्दल तसं लिहिलेलं नाही. लूक म्हणतो तो आश्चर्य करत घरी गेला. रिकामी कबर बघूनही तो बदलला नाही, नुसता विचारात पडला, आणि हे शुभवर्तमानाने जसंच्या तसं लिहून ठेवलंय याबद्दल मला खूप कृतज्ञता वाटते.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. अम्माऊस या गावाकडे गेलेले दोघं शिष्य परत यरुशलेमात पोचले तर इथले शिष्य म्हणतात, प्रभू खरोखर उठलाय आणि शिमोनाच्या दृष्टीस पडलाय. प्रेषित पौलही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, जे इ. स. ५० ते ६० च्या दरम्यानचं आहे, सांगतो की तो केफाला दिसला, मग बारा जणांना, आणि केफा म्हणजे पेत्रच. पौल स्वतः यरुशलेमला जाऊन पेत्राकडे १५ दिवस राहिला होता, ते गलतीकरांच्या पत्रात आहे, तेव्हा ही ऐकीव अफवा नव्हे. पण त्या पहिल्या भेटीत काय बोलणं झालं ते एकाही शुभवर्तमानात नाही. दासीसमोरचं नाकारणं चौघांनीही लिहिलं, कुणी शाप लिहिले, कुणी रडणं लिहिलं, आणि ही भेट मात्र कुणीच लिहिली नाही. पेत्राने कुणाला सांगितलीच नसावी असं मला वाटतं. काही गोष्टी देव आणि माणूस यांच्यातच राहतात, साक्ष द्यायच्या उत्साहात आपण लोकांकडून त्याही काढून घ्यायला बघतो, ते बरं नाही.

परत जाळ्यांकडे

आता केसमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. येशूला जिवंत पाहिलंय, एकांतात भेट झालीय, सगळ्यांच्यात बसून भेट झालीय, आणि तरी योहानाच्या २१ व्या अध्यायात पेत्र म्हणतो मी मासे धरायला जातो. बरोबर थोमा, नथनेल, जब्दीची दोन मुलं आणि आणखी दोघं, एकूण ७ जण. काही जण म्हणतात तो पाठ फिरवून जुन्या आयुष्याकडे निघाला होता, काही म्हणतात नुसतं पोटासाठी. मला वाटतं त्याला स्वतःलाही ठाऊक नसावं. येशू जिवंत आहे याची खात्री झाली होती, माफी मिळाली असेल हेही कळत असेल, पण माझा आता उपयोग काय हा प्रश्न तसाच होता. विश्वास आहे, आनंदही आहे, पण स्वतःवर भरवसा ठेवायची हिंमत नाही, अशा अवस्थेत माणूस जे हाताला येतं ते करायला जातो.

रात्रभर काही मिळालं नाही. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी म्हणालं उजव्या बाजूला जाळं टाका, आणि ते ओढवेना एवढे मासे आले. ओळखलं त्या लाडक्या शिष्याने, परंपरेने ज्याला योहान मानतात त्याने, पण पाण्यात उडी मारली पेत्राने, अंगरखा गुंडाळून, किनारा २०० हातांवर असताना. स्वभाव तोच, हे बघून बरं वाटतं, पुनरुत्थानाने त्याचा स्वभाव पुसून टाकला नाही. जाळ्यात १५३ मासे होते आणि जाळं फाटलं नाही. आणि किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव होता, त्यावर मासे, बाजूला भाकर. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनच ठिकाणी येतो, एकदा त्या अंगणात आणि एकदा इथे. थंडीत शेकत उभं राहून नाही, नाही, नाही म्हणणाऱ्या माणसाला येशूने मुद्दाम तसल्याच विस्तवाजवळ आणलं असं मी समजतो. पण आधी म्हणाला या, न्याहारी करा. विषय काढला तो खाणं झाल्यावर.

"योहानाच्या मुला शिमोना, तू माझ्यावर यांच्यापेक्षा जास्त प्रेम करतोस का?" बाकी सगळे अडखळले तरी मी नाही म्हणणाऱ्याला हा प्रश्न, आणि तोही त्याच बाकीच्यांच्या समोर. पेत्र आता तुलना करत नाही. "होय प्रभू, माझं तुमच्यावर प्रेम आहे हे तुम्हाला ठाऊक आहे." येशू म्हणाला, माझी कोकरं चार, म्हणजे त्यांना चारायला ने. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं स्पष्ट लिहिलंय, आणि तो म्हणाला "प्रभू, तुम्हाला सगळं ठाऊक आहे". माझी मेंढरं चार.

तीन नकारांना तीन होकार हे तर प्रवचनात नेहमी येतं आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी काही दिसतं. येशूने असं विचारलं नाही की तू तसं का केलंस, आणि असंही विचारलं नाही की परत करणार नाहीस ना. पहिला प्रश्न माणसाला भूतकाळात अडकवतो आणि दुसऱ्यावर तो खोटं वचन देतो, जे पेत्राने त्या रात्री देऊन झालेलं होतं. प्रेम आहे का एवढंच विचारलं, आज, आत्ता. आणि तरीही तो विषय टाळलेला नाही, जाऊ दे झालं ते झालं म्हणून वरवर झाकलेलं नाही, आत पू राहिलेली जखम उघडूनच साफ करावी लागते तसं तीनदा उघडलंय, म्हणून तर तिसऱ्यांदा दुखलं. पेत्राचं उत्तरही बदललेलं आहे. मी तयार आहे, मी मरेन, मी नाही अडखळणार, हे सगळं आता गेलं आणि त्या जागी "तुम्हाला ठाऊक आहे" आलं. स्वतःची खात्री देणं थांबलं आणि येशूला जे माहीत आहे त्यावर टेकणं सुरू झालं. माझ्या मते पेत्राचा बदल जर एका वाक्यात कुठे सापडत असेल तर तो इथे.

आणि प्रत्येक उत्तरानंतर काम. आधी काही काळ शांत बस, स्वतःला सिद्ध कर, मग बघू, असं नाही. ज्या हातांनी तलवार काढली त्याच हातांत कोकरं दिली. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जे लोक पडलेल्या माणसाला माफी देऊन मागच्या बाकावर बसवून ठेवतात, त्यांना मी हा अध्याय परत वाचायला सांगेन. अर्थात, ज्याने दुसऱ्याला इजा केलीय त्याला लगेच अधिकाराची जागा द्या असं मी म्हणत नाही, ज्यांना इजा झाली त्यांची सुरक्षितता आधी येते. पण प्रत्येकाला मेंढरं चारायचं काहीतरी काम असतंच, ते शोधून द्यावं.

लगेच पुढे येशू त्याला सांगतो की म्हातारपणी तू हात लांब करशील आणि दुसरा कुणी तुला नको तिथे नेईल, आणि म्हणतो माझ्या मागे ये. आणि पेत्र वळून योहानाकडे बघून विचारतो, मग याचं काय? "त्याचं तुला काय, तू माझ्या मागे ये." एवढं सगळं झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला परत तुलना सुरू!

पुढे काय टिकलं

ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टच्या सणाला, यरुशलेमात उभं राहून बोलणारा पेत्र आणि त्या दिवशी बाप्तिस्मा घेणारे सुमारे ३००० लोक हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यापेक्षा प्रेषितांच्या कृत्यांचा ४ था अध्याय जास्त सांगतो. तिथे पेत्र आणि योहान यांना पकडून ज्यांच्यासमोर उभं केलं त्यांत हन्ना आणि येशूला पकडलं तेव्हाचा प्रमुख याजक कयफा यांची नावं आहेत. म्हणजे ज्याच्या अंगणात दासीसमोर टिकला नाही त्याच कयफासमोर आता उभा आहे, आणि म्हणतोय की जे आम्ही पाहिलं आणि ऐकलं ते बोलल्याशिवाय आम्हाला राहवणार नाही. लोकांना नवल वाटलं कारण हे तर न शिकलेले साधे लोक. १२ व्या अध्यायात हेरोद राजा त्याला दुसऱ्या दिवशी लोकांपुढे आणणार आहे, जब्दीच्या मुलाला, याकोबाला, त्याने आधीच मारलंय, आणि पेत्र दोन शिपायांच्या मध्ये साखळ्यांत झोपलाय. इतका गाढ की देवदूताला कुशीत मारून उठवावं लागलं. गेथशेमानेतही तो झोपला होता, पण ती झोप दुःखाने थकलेल्याची होती आणि ही निर्धास्त माणसाची. सुटून मार्कची आई मरीया हिच्या घरी आला तर दारावर पुन्हा एक दासी, रुदा नावाची, आणि तिने त्याला आवाजावरून ओळखलं.

पण केस पूर्ण लिहायची तर अंत्युखिया शहरातली गोष्टही लिहायला हवी. कर्नेल्य या रोमी सैन्याधिकाऱ्याच्या घरी जाऊन देव पक्षपात करत नाही हे ज्याने जाहीर केलं, तोच पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर आधी जेवायचा आणि येशूचा भाऊ याकोब याच्याकडून काही लोक आल्यावर भीतीने अंग काढून घेऊ लागला. पौलाने त्याला तोंडावर, सगळ्यांसमोर सुनावलं, गलतीकरांस पत्र, अध्याय २. लोक काय म्हणतील ही भीती, तीच जुनी, इतक्या वर्षांनी परत. ईस्टर बघितलेला, पन्नासावा दिवस बघितलेला, तुरुंगातून सुटलेला माणूस परत तिथेच अडखळला.

काहींना हे वाचून निराशा येते. मला उलट वाटतं. कारण या वेळी तो अंधारात एकटा बाहेर गेला नाही, त्याला तोंडावर सांगणारा भाऊ होता आणि तो विश्वासातच राहिला. पुढे रोममध्ये नीरोच्या काळात तो ख्रिस्तासाठी मारला गेला ही मंडळीची फार जुनी परंपरा आहे. पेत्राच्या नावाच्या पहिल्या पत्राची सुरुवातच येशूच्या पुनरुत्थानाने मिळालेल्या जिवंत आशेने होते, आणि ५ व्या अध्यायात तो वडीलजनांना म्हणतो की तुमच्यातल्या देवाच्या कळपाचं पालन करा, धनी असल्यासारखं नव्हे. किनाऱ्यावर दिलेलं काम अजून चालू आहे.

म्हणून मंडळीच्या दिनदर्शिकेत ईस्टर एक दिवसाचा नसून ५० दिवसांचा काळ आहे याचा मला आधार वाटतो. रोमन कॅथोलिक उपासनेत ईस्टरच्या पहिल्याच आठवड्यात शुक्रवारी हा मासेमारीचा उतारा वाचतात. आणि ईस्टरच्या जागरण-उपासनेत बाप्तिस्म्याची वचनं नव्याने घेताना विश्वासाबद्दल तीन वेळा प्रश्न विचारला जातो, तुम्ही विश्वास ठेवता का, आणि लोक तीनदा हो म्हणतात, दरवर्षी, गेल्या वर्षी म्हटलं होतं तेच लोक. गेल्या वर्षीचं हो टिकलं नाही म्हणून कुणाला दारावर अडवत नाहीत.

आता राहिला एक प्रश्न, ही अंगणातली गोष्ट बाहेर आली कशी. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा बिशप पापियास सांगतो की मार्क हा पेत्राचा दुभाषा होता आणि पेत्र जे शिकवायचा त्यातून जे त्याला आठवलं ते त्याने लिहून ठेवलं, पापियासचे हे शब्द युसेबियस या चौथ्या शतकातल्या मंडळीच्या इतिहासकाराने जपून ठेवलेत. हे जर धरलं तर शापशपथा, कोंबडा, रडणं हे सगळं मार्कपर्यंत पोचलं ते पेत्राच्याच तोंडून, त्याच्या शिकवणीचा भाग म्हणून, ज्या मंडळ्यांचा तो पुढारी होता त्यांच्यासमोर बोललेलं. त्याला ते लपवायची गरज राहिली नव्हती.